खुशबूचं खर्रामुक्त लग्न

बापूराव निमगड्यांनी मुलीच्या लग्नाच्या सगळ्या अटी जेवता जेवता मान्य केल्या. हुंडा द्यायचा नाही, घ्यायचा नाही. डीजे नाही. आहेर नाही. पत्रिका छापायच्या नाहीत, मोबाइलवर पाठवायच्या. एकेक अट ऐकताना त्यांना आपण फार पुढारलेले आहोत असं वाटू लागलं आणि त्यांनी आणखी एक पोळी घेतली. तेवढ्यात खुशबू म्हणाली, "अन् बाबा, लग्नात खर्रा नाई."

वरण बापूरावांच्या घशातच थांबलं.

"हॉलच्या अंदर नाई म्हणते का?" त्यांनी पाणी पिऊन विचारलं.

"हॉलच्या अंदर नाई, बाहेर नाई, वरातीच्या स्वागताले नाई. अन् तुमच्या तोंडात तं बिलकुलच नाई. मी नोकरी कायची करते, बाबा?"

"दवाखान्याची."

"तंबाखूमुक्तीची. गावोगाव जाऊन लोकाईले सांगते, खर्रा सोडा. अन् माह्याच लग्नात ट्रेमधून खर्रा वाटाचा? त्या दिवशी तुमच्या तोंडात खर्रा दिसला न, तं मी स्टेजवरून उतरून घरी जाईन."

खुशबूची आई केसरबाई चुलीजवळ बसून दातांना मिश्रीसारखी नस घासत होत्या. काळं बोट तोंडात तसंच ठेवून त्या म्हणाल्या, "बरोबर बोलून राह्यली पोरगी."

"आई, नसमधीही तंबाखूच असते."

"मी खात थोडीच आहो? घासून राह्यली."

चंद्रपूर-गडचिरोलीकडे खर्रा म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही तो तिकडे कधी कोणाच्या घरी गेलेला नाही. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून पाटीवर घोटतात आणि मग ती पन्नी हातोहात फिरते. पाहुण्याला पाण्याआधी विचारतात. बारशात असतो, साक्षगंधात असतो, मयतीतही असतो. रडून थकलेला माणूस चिमूटभर तोंडात टाकतो आणि परत रडायला बसतो. दोन माणसांचं भांडण मिटलं हे कशावरून ओळखायचं, तर एकानं पन्नी पुढं केली आणि दुसऱ्यानं घेतली यावरून.

बापूरावांनी अख्खी नोकरी गडचांदूरजवळच्या चुनखडीच्या खाणीत डंपर चालवून काढली. बाहेर चुना, तोंडात चुना. खर्रा वाईट असतो हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. उलट खुशबूला नोकरी लागली तेव्हा तिनं आपल्या चित्रांच्या तक्त्याची सगळी तालीम त्यांच्याचसमोर केली होती. सडलेला जबडा, भोक पडलेला गाल, नळीतून जेवणारा माणूस. बापूराव गालात खर्रा धरून मन लावून ऐकायचे. "हा जबडेवाला फोटो शेवटी ठेव," असा सल्लाही त्यांनीच दिला होता. "आधी दाखवला तं लोक उठून जातीन. नंतर दाखवला तं घरी जाऊन झोपनार नाईत." खुशबूचा घसा बसला तेव्हा शेजारच्या गावातलं भाषणसुद्धा त्यांनी ठोकून दिलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, सरपंचानं शाल दिली आणि शालीच्या पाठोपाठ पन्नी पुढं केली. बापूरावांनी दोन्ही घेतलं.

त्यांनी खर्रा सोडलाही होता. अनेकदा सोडला होता. सोडायचं काही अवघड नव्हतं, अवघड होतं ते नंतरचं. खर्रा सोडला की सकाळी पोट साफ व्हायचं नाही. चौकात गेलं की हाताचं काय करायचं ते कळायचं नाही. आणि चार जणांत बसलं की पन्नी फिरत फिरत आपल्यापर्यंत यायची, आपण नाही म्हणायचं, आणि मग सगळे आपल्याकडे असे बघायचे, जणू आपण एखादी जमीन लाटली आहे. अलीकडे तिखट लागलं की तोंडाची आग व्हायची. बुंदीचा लाडू तोडून खावा लागायचा, कारण तोंड पूर्वीएवढं उघडायचं नाही. याचा अर्थ काय हे त्यांना तक्त्यातल्या चित्रासकट माहीत होतं. म्हणून ते लाडू तोडून खात.

दुसऱ्या दिवशी ते कमरुद्दीनच्या ठेल्यावर गेले. कमरुद्दीनचा ठेला हॉलच्या अगदी समोर, गावाबाहेरच्या रस्त्याला होता, आणि त्याच्या हाताचा खर्रा खायला लोक वाट वाकडी करून येत. लग्नाचा खर्रा त्याच्याकडेच सांगून ठेवलेला होता.

"कमरुद्दीनभाऊ, लग्नाचा खर्रा कॅन्सल करा लागते."

कमरुद्दीनचे हात घोटतच राहिले. "किती कमी करू?"

"कमी नाई. एकही नाई."

आता मात्र हात थांबले. "या अल्ला. लग्न मोडलं का भाऊ?"

"नाई जी. पोरीनं सांगितलं, लग्नात खर्रा नाई म्हणजे नाई."

कमरुद्दीननं पाटी बाजूला सारली. त्याला लागलं होतं. "मयतीत चालते, तेरवीत चालते, निवडणुकीत चालते. खुशबूबेटीच्या लग्नातच कमरुद्दीनचा खर्रा नाई." मग त्यानं हात पुसले. "पण बेटीनं सांगितलं न? बस. आमची शाजिया अन् ती एका बेंचवर बसत होत्या. मी त्या दिवशी दुकानच बंद ठेवतो. माझी जबान आहे, तिला सांगा."

"लय उपकार झाले भाऊ."

"उपकार कायचे? घ्या," असं म्हणून त्यानं ताजी पन्नी पुढं केली. बापूरावांनी ती घेतली आणि दोघं बराच वेळ खर्रामुक्त लग्नात पाहुण्यांना काय द्यावं यावर खर्रा खात बोलत बसले.

राहिला प्रश्न वराकडच्यांना सांगायचा. नवरदेव अश्विन एटापल्लीच्या दवाखान्यात एक्स-रे काढायचा. तो स्वतः खर्रा खात नव्हता, त्यामुळे खुशबूला तो पहिल्याच भेटीत पसंत पडला होता. पण त्याचे वडील भैयाजी दुर्गे म्हणजे खर्ऱ्यातली मोठी असामी. त्यांचा फोन आपणहूनच आला.

"इवाई, जयभीम. आमाले मान-पान काई नको. साधी माणसं आहो आमी. फक्त खर्ऱ्याची सोय तेवढी चांगली ठेवजा. आमच्या मंडळीले थे एकच शौक आहे."

बापूरावांनी सांगायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण व्याह्याला 'खर्रा मिळणार नाही' म्हणणं म्हणजे 'तुमच्यासाठी खुर्ची नाही' म्हणण्यासारखंच. तोंडातून निघालं ते असं: "त्याची काय चिंता करता जी! तुमी फक्त या."

संध्याकाळी खुशबूनं विचारलं, "अश्विनच्या बाबाले सांगितलं का?"

"सांगितलं."

"काय म्हणले?"

"हासले," बापूराव म्हणाले. ते खरंच हसले होते.

मे महिन्यात लग्न लागलं. म्हणजे लागायचं होतं.

बापूराव पहाटे उठले आणि ठरल्याप्रमाणे त्यांनी खर्रा घेतला नाही. मग ते संडासात गेले आणि तिथंच राहिले. आत बसून त्यांनी पोटाला समजावलं, दरडावलं, शेवटी विनवलं. पोट ऐकेना. बाहेरून केसरबाई दार बडवत होत्या, "अवो, आचारी आला, कूलरवाला आला, चंद्रपूरची आत्या आली. निंघा न आता!" बापूराव निघाले, पण अर्धवट मनानं. तिथून पुढं दिवसभर त्यांचं एक लक्ष लग्नात आणि एक पोटात होतं.

वरातीची बस एटापल्लीहून अंधारातच निघाली होती. रस्ता लांबचा. आलापल्लीला थांबा, आष्टीला थांबा, गोंडपिपरीला थांबा, आणि प्रत्येक थांब्यावर पन्न्या उघडत. राजुऱ्याला कोणीतरी म्हणालं की आणखी बांधून घेऊ. भैयाजींनी त्याला गप्प केलं. "कायले पैसे घालवतेस बे? इवायाकडे काई कमी नाई." त्यामुळे बस हॉलसमोर थांबली तेव्हा त्या बसमध्ये खर्ऱ्याचा कणही उरला नव्हता, आणि सगळ्यांचे डोळे बापूरावांकडे लागले होते.

दारावर खुशबूनं फलक लावला होता: 'खर्रामुक्त विवाह. सुस्वागतम.' पाहुण्यांनी तो वाचला आणि हसून आत आले. असे फलक सगळीकडेच असतात. दारू पिऊन येऊ नये असंही प्रत्येक हॉलवर लिहिलेलं असतं.

स्वागताला ट्रे आला. त्यात भाजलेली जवस, ओवा आणि बडीशेप होती. भैयाजींनी चिमूट उचलून नाकाजवळ नेली. "हे काय होय जी?"

"मुखशुद्धी," बापूराव म्हणाले.

"शुद्धी मंग करू. आधी तोंड खराब तं होऊ द्या."

सगळे हसले. बापूरावही हसले आणि पाणी आणायच्या निमित्तानं तिथून निसटले.

पुढचा एक तास त्यांनी असाच काढला. जो तो त्यांना कोपऱ्यात गाठून हळू आवाजात विचारत होता, "भाऊ, थे कुठी आहे?" बापूराव कुणाला 'येऊन राह्यलं' म्हणाले, कुणाच्या नुसत्या पाठीवर थोपटलं. एकाला तर त्यांनी चक्क स्वयंपाकाकडे बोट दाखवलं. तो तिथं जाऊन मोठ्या पातेल्यांची झाकणं उघडून पाहू लागला तेव्हा आचाऱ्यानं त्याला झारा दाखवला.

हळूहळू वरातीचं डोकं दुखायला लागलं. डोकं दुखलं की माणसाला दोष दिसतात. कूलर गरम हवा फेकतो. पाणी कोमट आहे. खुर्च्या खालच्या दर्जाच्या आहेत. नवरीकडची माणसं बोलत नाहीत, नवरीकडची माणसं फार बोलतात. दोघा जणांनी लग्न लावायला आलेल्या बौद्धाचार्यांना घेरून वाद घातला की पंचशिलात दारूचं नाव आहे, खर्ऱ्याचं कुठं आहे ते दाखवा. बौद्धाचार्य शांतपणे म्हणाले की नशा आणणारं सगळंच त्यात आलं. त्यावर एक जण म्हणाला, "खर्ऱ्यानं नशा येत असती तं आमी इतके दिवस कायले खाल्ला असता?" बौद्धाचार्यांनी जवसाची एक चिमूट तोंडात टाकली. सकाळपासून त्यांनीही घेतला नव्हता.

कमरुद्दीन नवा कुर्ता घालून पहिल्या रांगेत बसला होता. हा खर्रेवाला आहे ही बातमी कुणीतरी फोडली आणि त्याच्याभोवती मंत्र्याभोवती जमावी तशी गर्दी झाली. पण तो बधला नाही. "दुकान बंद. बेटीको जबान दी है."

मग एकदम हॉल शांत झाला. बापूरावांना बरं वाटलं. त्यांना वाटलं, मंडळी रुळली.

लग्नाची वेळ झाली. खुशबू पांढऱ्या साडीत स्टेजवर आली, अश्विन आला, बौद्धाचार्यांनी मेणबत्त्या लावल्या. समोर वराकडच्या सगळ्या बाया होत्या, पोरं होती. पुरुष एकही नव्हता.

"तिकडचे माणसं कुठी गेले?" खुशबूनं विचारलं.

अश्विनची मावशी पंख्यानं वारा घेत, साडी कोणत्या रंगाची आहे हे सांगावं तितक्या सहज म्हणाली, "खर्रा पाहाले गेले न. जिवतीच्या रस्त्याले एक ठेला आहे म्हणून कोणीतरी सांगितलं, तं बसच घेऊन गेले."

"बाबाही?" अश्विन म्हणाला.

"तुहे बाबाच समोर बसले होते, ड्रायव्हरच्या बाजूले."

अश्विननं फोन लावला. डोंगराकडं गेलं की तिकडे रेंज नसते. त्यानं फोन खाली ठेवला आणि म्हणाला, "पण बाबाले तं आधीच सांगितलं होतं न?"

सगळ्यांनी बापूरावांकडे पाहिलं. बापूरावांनी छताकडे पाहिलं. खुशबूनं हातातला हार खाली ठेवला, आणि ती ओरडली असती तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं. आयुष्यात कधी नव्हे ते त्यांना आपल्या पोरीच्या नजरेची लाज वाटली.

"मी घेऊन येतो," ते म्हणाले. "आत्ता आणतो."

कमरुद्दीननं आपली लुना काढली आणि बापूराव मागे बसले. वर ऊन भाजत होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सागाची झाडं पानं टाकून नुसती उभी होती, ट्रकांनी उडवलेली पांढरी धूळ तोंडावर येत होती. बापूरावांचं डोकं ठणकत होतं, पोट फुगलं होतं, आणि मनात सारखं येत होतं की आता व्याह्यांसमोर जाऊन बोलायचं काय. ज्या गोष्टीला घाबरून इतके दिवस काढले ती गोष्ट आता सगळ्या वरातीसमोर सांगायची. अशा वेळी माणसाला आधार लागतो.

"कमरुद्दीनभाऊ," ते मागून म्हणाले, "खिशात काई आहे का?"

"आहे. पण भाऊ, जबान..."

"तू दुकान बंद ठेवाची जबान देल्ली. खिशाची देल्ली का?"

कमरुद्दीननं थोडा विचार केला. मुद्दा कायद्यानं बरोबर होता. त्यानं एक हात मागं केला.

पहिल्या चिमटीला बापूरावांच्या डोक्यातला ठोका थांबला. दुसरीला जग सरळ झालं. पोहोचायच्या आत थुंकायचं आणि चूळ भरायची, असा त्यांचा बेत होता. पण वळण संपलं आणि समोरच चिंचेखाली बस उभी दिसली.

तिथं वेगळंच लग्न चाललं होतं. ठेलेवाला लहानू घामाघूम होऊन घोटत होता, त्यानं बायकोलाही सुपारी कातरायला बसवलं होतं. वरातीतले सगळे पुरुष सावलीत ऐसपैस बसले होते, आणि हीच का ती माणसं असं बापूरावांना वाटलं. कूलरवरून आईमाई काढणारा माणूस एका म्हाताऱ्याला आपली जागा देत होता. पंचशिलावरून भांडणारे दोघं एकाच पन्नीतून खात होते. कोणीतरी अश्विनच्या लहानपणीचा किस्सा सांगत होतं आणि सगळे पोट धरून हसत होते. किती चांगली माणसं आहेत ही, बापूरावांना वाटलं. पोरगी चांगल्या घरात चालली.

भैयाजी उठून पुढं आले. त्यांना राग नव्हता. लुनावरून उन्हातान्हात शोधत आलेला व्याही पाहून त्यांना उमाळाच आला. त्यांनी आपली अर्धी पन्नी उघडून हातावर धरली. "या इवाई, या! पहिला घास तुमचा."

बापूरावांचा उजवा गाल भरलेला होता.

बोलायला तोंड उघडलं तर आतलं दिसणार. दिसलं तर त्याचा एकच अर्थ निघणार: पाहुण्यांना उपाशी ठेवून हा माणूस स्वतः लपूनछपून खात होता. खर्रा न देणं एक वेळ माफ होईल, पण हे पिढ्यान्‌पिढ्या माफ झालं नसतं. थुंकायला जागा नव्हती, सगळी वरात समोर बघत होती. त्यांनी ओठ घट्ट मिटले, हात जोडले, मान नकारार्थी हलवली. आणि जे तोंडात होतं ते सगळं गिळलं.

घशातून आग खाली उतरली. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"अरे अरे, काय झालं जी?" भैयाजी घाबरले.

कमरुद्दीननं सगळं पाहिलं होतं. मित्राला बुडताना पाहून तो पुढं आला आणि त्याच्या तोंडून निघालं, "भैयाजीसेठ, निमगडेभाऊंनी खर्रा सोडला. बेटीला शब्द दिला. तिच्या लग्नापासून तोंडाला लावणार नाही म्हणून. म्हणून हॉलमध्ये नाई. म्हणून माझं दुकान बंद. तुम्हाला सांगायची त्यांची हिंमत झाली नाही."

चिंचेखाली सगळे बापूरावांकडे वळले. बापूरावांचे डोळे वाहतच होते.

भैयाजींनी हातातल्या पन्नीकडे पाहिलं. "हे पाहा," ते सावकाश म्हणाले, "थे कॅन्सर-गिन्सर मी नाई मानत. माह्या आज्यानं मरेपर्यंत खर्रा खाल्ला, अन् थो झाडावरून पडून मेला. पण पोरीले शब्द देल्ला म्हणता..." त्यांचा आवाज बदलला. "मले पोरगी नाई, इवाई. पोरगी असती तं तिनं काय मांगलं असतं, अन् मी काय देल्लं असतं..."

त्यांनी वळून तोंडातलं थुंकलं. मग वरातीवर कडाडले, "थुका रे सगळे! पोरीसाठी माणसानं जन्माचा खर्रा सोडला, अन् तुमच्यानं दोन घंटे राहवत नाई?"

बसच्या दाराशी पाण्याचा डबा ठेवून सगळ्या वरातीनं ओळीनं चुळा भरल्या. एका म्हाताऱ्यानं आपली पन्नी हळूच धोतराच्या सोग्यात बांधलेली बापूरावांना दिसली. पण या घडीला कुणाला बोट दाखवायच्या स्थितीत ते नव्हते. त्यांना पहिली उचकी लागली होती.

लग्न उशिरा लागलं, पण छान लागलं. भैयाजींनी स्वतः दारात उभं राहून कोणाला बाहेर जाऊ दिलं नाही. पंचशील म्हणताना सगळ्या हॉलचा सूर एक होता आणि बापूरावांची उचकी वेगळी. केसरबाईंनी साखर दिली, आत्यानं पाठीत बुक्की मारली, कमरुद्दीननं वर बघायला सांगितलं. उचकी थांबेना. लोक म्हणाले, बापाचा जीव आहे, हुंदके आवरत नाहीत.

खुशबूनं मात्र एकदाच त्यांच्याकडे पाहिलं. दिवसाकाठी किती खर्रा खाणारे तिच्या टेबलासमोर येऊन बसत. हुंदका कसा असतो आणि गिळलेल्या तंबाखूची उचकी कशी असते, हे तिला चांगलं कळत होतं. बापूराव तिच्या पायांकडे बघत राहिले. आता ती उतरणार. पण ती उतरली नाही. तिनं हार अश्विनच्या गळ्यात घातला.

पाठवणीच्या वेळी ती त्यांच्या गळ्यात पडली आणि कानाशी म्हणाली, "गिळला न?"

"हो," बापूराव म्हणाले. हे या सगळ्या प्रकरणातलं त्यांचं पहिलं खरं वाक्य होतं.

"गिळाचा नसते बाबा," ती म्हणाली, आणि ती रडत होती की हसत होती ते त्यांना कळलं नाही.

त्यानंतर तिनं त्यांना सोडलं नाही. पहिल्यांदा माहेरी आली तेव्हाच तिनं त्यांना चंद्रपूरला नेऊन डॉक्टरांना तोंड दाखवलं. डॉक्टरांनी गालाच्या आतला पांढरा डाग पाहिला, एक तुकडा काढून तपासला. अजून काही वाईट नाही, पण हे असंच चाललं तर होईल, असं म्हणाले. तोंड उघडायचा व्यायाम दिला, दातांच्या मध्ये लाकडी काड्या घालायचा. बापूराव व्यायाम अगदी नेमानं करू लागले. व्यायाम झाला की कमरुद्दीनकडे जाऊन खर्रा खाऊ लागले. खर्रा थोडा कमी झाला, असं ते स्वतः म्हणत. कमरुद्दीनचं मत वेगळं होतं, पण तो ते सांगत नसे.

धान कापून झालं तेव्हा बापूराव पहिल्यांदा मुलीच्या घरी एटापल्लीला गेले. खुशबूची बदलीही आता तिकडेच झाली होती. निघताना त्यांनी पिशवीत पन्न्या ठेवल्या होत्या. बसमध्येच त्या संपल्या, आणि पुढं व्याह्यांकडे मिळतीलच असं त्यांनी मनाशी धरलं. मग ओसरीवर भैयाजींनी त्यांना मिठी मारली आणि ताठ मानेनं म्हणाले, "इवाई, तुमचं पाहून मीबी सोडला. सूनबाईले शब्द देल्ला."

बापूरावांचा चेहरा पडला. तो आनंदानं पडला असं भैयाजी समजले.

आता मागणार कोणाला? स्वतः तर सोडलेला माणूस होते, तिथं गावभर तशी कीर्ती होती. बाजारात एकटं जावं म्हटलं तर भैयाजी चपला घालून सोबत. शेतावर सोबत, नदीवर सोबत. सकाळी डबा घेऊन निघाले तरी भैयाजी थोड्या अंतरावर सोबत. एवढा मान बापूरावांना आयुष्यात कधी मिळाला नव्हता आणि इतका छळही झाला नव्हता. पहिल्या दिवशी दोघं ओसरीवर एकमेकांसमोर बसून घड्याळ बघत राहिले. दुसऱ्या दिवशी डोकी धरून बसले आणि भाजीला वाल चांगला की पोपटाच्या शेंगा यावरून त्यांचं जोरात भांडण झालं. मग बोलायला काहीच उरलं नाही, तेव्हा भैयाजींनी आपल्या वारलेल्या बायकोबद्दल सांगितलं, आणि बापूरावांनी खाणीत डोळ्यांसमोर दबलेल्या एका सोबत्याबद्दल, जे त्यांनी केसरबाईंनाही कधी सांगितलं नव्हतं. बोलताना हात रिकामे राहू नयेत म्हणून मध्ये भुईमुगाच्या शेंगांची टोपली असायची. टरफलांचा ढीग खुर्चीएवढा झाला.

चौथ्या दिवशी बापूरावांनी खुशबूला स्वयंपाकघरात गाठलं. "पोरी, मले गावाले जाऊ दे. तुह्या सासऱ्यानं खरंच सोडला वो. मी कसा राहू इथी?"

खुशबूनं पोळी उलटली. सकाळीच भैयाजी याच जागी उभं राहून तिला विचारून गेले होते, 'सूनबाई, इवाई कधी जानार? तसं नाई, राहू दे, पण कधी?' गोठ्यामागच्या कोनाड्यात त्यांची पन्नी असते हे तिला लग्नानंतर आठवड्यातच कळलं होतं. व्याही आल्यापासून त्यांना तिथं जाता आलं नव्हतं. हे सगळं बापूरावांना कळायला पुढं फार दिवस गेले.

"जाऊ कसे देतीन बाबा?" ती म्हणाली. "मामाजी म्हणत होते, इवाई इतक्या लवकर गेले तं मले करमनार नाई. तुमच्याच भरवशावर त्यायनं सोडला. तुमी गेले अन् त्यायनं परत सुरू केला तं?"

"मंग किती दिवस राहू?"

"पाहू न," खुशबू म्हणाली, आणि तिनं त्यांच्यासाठी गरम पोळी ताटात टाकली.

बापूरावांनी पोळी खाल्ली. भाजी तिखट होती, पण नेहमीसारखी तोंडाची आग झाली नाही. हे त्यांच्या लक्षात आलं तरी त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर पोरीला फार आनंद झाला असता आणि मग मुक्काम आणखी वाढला असता.

बाहेरून भैयाजींची हाक आली, "इवाई, येता का जी?"

"आलो, आलो," बापूराव म्हणाले आणि हात धुऊन ओसरीवर गेले. भैयाजींनी सरकून जागा दिली. दोघांनी एकमेकांकडे पाहून मोठ्या समाधानानं हसल्यासारखं केलं, आणि भैयाजींनी शेंगांची टोपली पुढं ओढली.